घाईचं वजन

“वजन किती?”

मालकांनी खालून विचारलं. जिन्याखाली मीटरची पेटी पेटली होती, जिना काळ्या धुरानं भरला होता आणि आम्ही तिघी पहिल्या मजल्याच्या गॅलरीत अडकलो होतो. मी, आठवा महिना लागलेली माझी सून आणि शेजारच्या खोलीतली अक्का. सून कठड्याला धरून खोकत होती, खोकता खोकता खालीच बसली. फाटकाबाहेर गल्ली जमून ओरडत होती. आणि आमचे घरमालक कठड्याला शिडी लावून खाली उभे राहून विचारत होते, वजन किती.

“अवो, पोरगी मरंल की!” मी ओरडले. “वजन काय इचारताय? मढी मोजायचीत व्हय?”

“तुमचं मला माहीत आहे, बाई. सुनेचंही माहीत आहे. मी अक्कांना विचारतोय. अक्का, खरं सांगा. वजन किती?”

त्या वेळी मी मालकांना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. पण हा माणूस कसा होता ते आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल तो वेडा होता. वेडा तर होताच. पण त्या वेडाला एक रीत होती, आणि ती रीत त्यांनी आम्हा सगळ्यांच्या माथी मारली होती.

मालक शिड्यांच्या कारखान्यात नोकरीला होते. डिप्लोमा झालेले. त्यांचं काम शिड्या तपासायचं. शिडी तयार झाली की तिच्यावर वजन लादायचं, ती वाकते किती ते बघायचं, आणि एखादी मोडेपर्यंत लादत राहायचं. उभा जन्म या माणसानं चांगल्या शिड्या मोडल्या आणि त्याचा पगार घेतला. निवृत्तीला बाकीच्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. यांनी सांगितलं, घड्याळ नको, शिडी द्या. ती ॲल्युमिनियमची लांब शिडी टेम्पोतून घरी आली तेव्हा मालक मागं हौद्यात तिच्याशेजारी बसून आले, नवरी आणावी तसे. मी तेव्हा तिथं राहत नव्हते, पण गल्लीत हे अजून सांगतात.

तिला त्यांनी मांजरपाटाची खोळ शिवून घेतली होती. अंगणात भिंतीला खुंट्यांवर ती आडवी असायची. कारखान्यानं शिडीवर चिटकवलेली वजनाची पट्टी मात्र त्यांनी घासून काढली होती. म्हणायचे, “आकडा वाचला की माणसाला तो भरावासा वाटतो.”

मी खोली बघायला गेले ती दुपार मला आठवते. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. मला मिरच्या आणि जोंधळे वाळवायला गच्ची पाहिजे होती. मालकांनी भाड्याचं काढलंच नाही.

“गच्चीवर कोण चढणार?”

“मीच. अजून सून आली न्हाय.”

“मग या इकडं.” त्यांनी ओट्याखालून एक लोखंडी वजनकाटा ओढून काढला. धान्याच्या दुकानात असतो तसला, तबकडीवर काटा फिरणारा, भंगारातून आणलेला.

“मी काय भुसार माल हाय का?”

“तुम्ही बाई आहात का माल आहात ते शिडीला कळत नाही. तिला फक्त वजन कळतं.”

मला हसू आलं, म्हणून चढले. सेहेचाळीस भरलं. मग म्हणाले, आता जोंधळ्याची पाटी डोक्यावर घेऊन उभ्या राहा. तशी राहिले. मग म्हणाले, पाटी ठेवा आणि घाईत असल्यासारखा पाय आपटा. मी आपटला. तबकडीवरचा काटा उडाला आणि सत्तरीच्या पुढं जाऊन माघारी आला.

“पाहिलंत? हे घाईचं वजन. माणूस सेहेचाळीसचा, घाई केली की सत्तरचा. लोक अंगाचं वजन धरतात, पाटीचं धरत नाहीत. पाटीचं धरलं तर घाईचं धरत नाहीत. आणि मग पडतात आणि म्हणतात शिडी वाईट.”

भाड्याचं बोलणं त्यानंतर झालं, आणि ते दोन वाक्यांत उरकलं. त्यात त्यांना काही गोडी नव्हती.

घराला जिना होता तो पहिल्या मजल्यापर्यंतच. गच्चीला जिना नव्हता. मला वाटतं मालकांनी तो मुद्दामच बांधला नव्हता. जिना झाला असता तर शिडीला काम काय राहिलं असतं? त्यामुळं मिरच्या वाळवायच्या म्हटलं की खाली जाऊन मालकांना हाक मारायची. ते खोळ काढणार. शिडी लावणार. मग शिडीच्या पायाला आपल्या पायाची बोटं लावून ताठ उभे राहणार आणि दोन्ही हात सरळ पुढं करणार. तळवे शिडीवर बरोबर टेकले तर शिडी नीट लागली. नाही टेकले तर पाय पुढंमागं करून पुन्हा उभे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं हा माणूस शिडीच्या पाया पडतोय. मग मला पाटीसकट काट्यावर उभं करणार. मग मी चढणार. तोवर ऊन निम्मं कललेलं असायचं.

एकदा मी कंटाळून विचारलं, “मालक, तुमची शिडी धरती तरी किती?”

“शंभर किलो.”

“आणि एकशेएक झालं की मोडती?”

“छे. चारशेपर्यंत मोडत नाही. असल्या किती मोडल्यात मी.”

“मग शंभरच का म्हणता? वरचं तीनशे कुणाला ठिवलेत?”

“ते तीनशे आपले नाहीत.”

“मग कुणाचे?”

“घाईचे. वाऱ्याचे. ओल्या पायाचे. शिडी म्हातारी होते, त्याचे. माणूस वजन खोटं सांगतो, त्याचे. आपल्याला जे जे ठाऊक नाही त्या सगळ्याचे ते तीनशे.”

“म्हंजे देवाला काढून ठिवल्यासारखं.”

“तसं म्हणा. पण त्याला हात लावायचा नाही.”

हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की जणू शिडी त्यांना प्रसन्न झाली आहे.

खंडेनवमीला आमच्या भागात सगळे आपापल्या हत्यारांची पूजा करतात. यंत्रमागवाले मागाची, रिक्षावाले रिक्षाची. मी पोळपाट, परात आणि तवा मांडते. मालक शिडीला हळदकुंकू लावायचे, झेंडूची माळ घालायचे आणि मग लगेच तिचा छळ मांडायचे. सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर शिडी आडवी ठेवायची. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून बांधायचा. आणि मधोमध माझी जोंधळ्याची पोती रचायची. माझीच, कारण गल्लीत एवढा जोंधळा दुसऱ्या कुणाकडं नसायचा.

“सणासुदीला अन्नावर बसताय व्हय?”

“बसत नाही, ठेवतोय.” मालक गुडघ्यावर बसून दोऱ्याकडं बघत असायचे. शिडी मध्ये झोळ धरायची. मग पोती काढायची आणि शिडी परत दोऱ्याला मिळते का ते बघायचं. मिळाली की मालक उठून हात झटकायचे. “वाकली तर चालतं. परत आली पाहिजे.”

“सुनांचं बी असंच असतंय व्हय?” मी विचारलं. तेव्हा माझ्या मुलाचं लग्न ठरलं होतं.

“सुनांचं मला माहीत नाही. त्यांची चाचणी मी घेतलेली नाही.”

अशा चाचण्यांपायी एकदा सगळ्या गल्लीला भोगावं लागलं. चौकात पुतळा आहे, त्याला जयंतीला हार घालायला भागातले पुढारी येणार होते. मंडळाची पोरं शिडी मागायला आली. मालक म्हणाले, शिडी देतो, पण मीही येणार. आले, काटा हातगाडीवर घालून. पुढारी अंगानं भक्कम. हार चार माणसांनी धरून आणलेला. आणि फोटोत यावं म्हणून पुढाऱ्यांच्या मागं मागं शिडीवर चढायला तिघे तयार. मालक आडवे आले.

“साहेब, आधी काट्यावर.”

पुढारी हसले. त्यांना वाटलं थट्टा आहे. मग कळलं की थट्टा नाही. सगळ्यांच्या देखत त्यांना काट्यावर चढता येईना आणि मालक शिडीला हात लावू देईनात.

“आजोबा, सरका बाजूला,” एक कार्यकर्ता म्हणाला.

“हार चढेल. साहेब नाही चढणार. आणि तुम्ही तर नाहीच नाही.” असं म्हणून मालकांनी शिडी काढली, रस्त्यात आडवी टाकली आणि तिच्यावर मांडी घालून बसले. वाजंत्री थांबली. शेवटी पुढाऱ्यांनी चौथऱ्यालाच हार घातला आणि गाडीत बसून गेले. पुढं वर्षभर आमच्या गल्लीतली गटार कुणी काढली नाही. मी मालकांना म्हटलं, “एका शिडीपायी आख्खी गल्ली नाकाला पदर लावून फिरतीय.” ते म्हणाले, “नाकाला पदर लावून माणूस मरत नाही.”

मालकांना सगळ्यात मोठा सल होता तो अक्काचा. अक्का माझ्या शेजारच्या खोलीत राहते. तेलुगू घरातली. मालाला शिलाई मारायचं काम घरी आणते, टॉवेलचे गठ्ठेच्या गठ्ठे. अंगानं दोघींची मिळून एक. ती काट्यावर चढली नाही ती नाहीच. मालकांनी नाना तऱ्हा केल्या. एकदा काट्यावर पायपुसणं टाकून तो तिच्या वाटेत ठेवला. अक्का पायपुसण्याला वळसा घालून गेली.

“अक्का, एकदाच. मी कुणाला सांगणार नाही.”

“साठ किलो लिवा तुमी.”

“साठ तुमचा एक पाय असेल.”

“अय्यो! बगा, घरमालक हाय का कसाई हाय हा!”

म्हणून अक्का कधी गच्चीवर गेली नाही. तिच्या मिरच्या मीच वर नेऊन वाळवल्या.

माझी सून घरात आली तीही तशीच, माप ओलांडून आत आणि दुसऱ्या दिवशी काट्यावर. तिला सहावा लागला तशी मालकांनी तिला शिडी बंद केली. काटा मात्र बंद केला नाही. दर आठवड्याला हाक यायची, “सूनबाई, या जरा.” ती पण जायची, हसत. दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या, इतकं नीट वजन ठेवणारी गरोदर बाई पहिलीच बघितली. मी म्हटलं, तिचं कौतुक नको, आमच्याकडं एक म्हातारा हाय.

आणि एक सांगायचं राहिलं. एवढं करून मालक स्वतः शिडीवर कधीच चढले नाहीत. दिवाळीचा आकाशकंदीलसुद्धा माझा मुलगा लावायचा, मालक खाली पाय रोवून उभे.

“भ्या वाटतं व्हय?” मी विचारलं होतं.

“वाटतं की. मला माहीत आहे ना सगळं.”

आता त्या दुपारचं.

एप्रिल होता. सोलापुरातली एप्रिलची दुपार म्हणजे कामावर गेलेली माणसं कामावर आणि घरातली घरात, रस्त्यावर कुत्रं नाही. माझा मुलगा एमआयडीसीत होता. जिन्याखाली मीटरला लागून अक्काचे टॉवेलचे गठ्ठे ठेवलेले. वायरीतून ठिणगी पडली आणि गठ्ठ्यांनी पेट घेतला. दर खंडेनवमीला शिडीची परीक्षा घेणाऱ्या या माणसानं घराची वायर मात्र घर बांधल्यापासून एकदाही पाहिली नव्हती. मी पुढं हे त्यांच्या तोंडावर बोलले. ते म्हणाले, “ते माझं खातं नव्हतं.”

सुती कापडाची आग जाळापेक्षा धूर जास्त करते. आम्ही जिन्याकडं धावलो आणि दोन पायऱ्यांतून माघारी आलो. गॅलरीत आलो तर धूर मागून खोलीतून येऊ लागला. खाली मालक खोळ फाडून शिडी काढत होते. नीट बटणं लावलेली खोळ त्यांनी फाडली, हे मी वरून बघितलं आणि तेव्हा मला खरी भीती वाटली.

शेजारणी बादल्या घेऊन धावल्या. आमच्याकडं आग म्हटली की पाणी, मग ती कशाची का असेना.

“पाणी टाकू नका!” मालक ओरडत होते. “वीज आहे! फरशी ओली होतेय!”

कोण ऐकतंय? अंगणाची शहाबादी फरशी, वर्षानुवर्षं पाय लागून गुळगुळीत झालेली, तिच्यावर सगळं पाणी पसरलं. मग कुणीतरी करंट म्हणालं आणि सगळ्या फाटकाबाहेर झाल्या. ओली फरशी, पेटलेला मीटर आणि धातूची शिडी, आत कोण पाय घालणार? अंगणात एकटे मालक राहिले. करंटची भीती त्यांनाही होती. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, “होती की.”

त्यांनी शिडी कठड्याला लावली. आणि लावून काय केलं? पायाची बोटं शिडीच्या पायाला लावली आणि दोन्ही हात सरळ पुढं केले. घर जळतंय, वर गर्भार पोरगी खोकतेय आणि हे माप घेतायत. फाटकाबाहेर एक म्हातारी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. मालकांनी शिडी जरा पुढं घेतली, पुन्हा हात केले, तळवे टेकले. मग त्यांनी खालच्या पायरीवर जोर दिला. शिडीचा पाय ओल्या फरशीवरून सरकला. मी वरून पाहिलं. त्यांनीही पाहिलं. ते धावत गेले, ओट्याखालचा लोखंडी काटा फरफटत आणला, शिडीच्या पायांना मागून टेकवला आणि स्वतः त्याच्यावर बसले. मग मान वर करून विचारलं.

“वजन किती?”

अक्का म्हणाली, “साठ.”

आता बोला. मागं धूर, पुढं शिडी, आणि बाई म्हणते साठ.

“अक्का, खरं!”

“सत्तर!”

“अक्का, मी पन्नास किलोचा माणूस आहे आणि खालून सरकतोय. हे हिशेबाचं काम आहे. खरं सांगा.”

अक्कानं खाली बसलेल्या माझ्या सुनेकडं बघितलं. मग कठडा दोन्ही हातांनी धरला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, “ब्याण्णव! ब्याण्णव हाय! झालं?”

“कधीचं?”

“परवाचं! बीपीच्या डॉक्टरकडचं!”

मालकांचा चेहरा उजळला. ब्याण्णव ऐकून आनंद झालेला माणूस मी जन्मात तो एकच बघितला. “उत्तम! आधी तुम्ही या.”

“आदी पोटुशीला घ्या की, मुडद्या!” मी म्हटलं. हा शब्द मी लिहिते कारण तो त्यातला सगळ्यात सौम्य होता.

“खाली वजन पाहिजे, बाई. नाहीतर ती येताना शिडी निसटेल. अक्का, या. पाठ बाहेर, तोंड शिडीकडं. घाई नाही.”

पिठाचा डबा कठड्याला लावून त्यावरून अक्का पलीकडं गेली. ती एकेक पायरी उतरत होती आणि मालक काट्यावर बसून, पाय ताणून, डोळे मिटून धरून होते. जिन्याच्या दारातला धूर सरळ त्यांच्या अंगावर येत होता. काटा चार बोटं मागं सरकला. मग थांबला. अक्काचा पाय फरशीला लागला तसे मालक उठले आणि म्हणाले, “बसा.”

“कुटं?”

“काट्यावर. बसा लवकर. नाही, लवकर नाही. सावकाश बसा.”

आणि अक्का काट्यावर बसली. इतकी वर्षं पायपुसण्याला वळसा घालून गेलेली बाई सगळ्या गल्लीसमोर काट्यावर बसली. शिडीचे पाय जागच्या जागी रुतल्यासारखे झाले. मालकांनी वाकून तबकडीकडं बघितलं. सवयच ती.

“अक्का, शहाण्णव आहेत.”

“लुगड्याचं धरलं न्हाई तुमी!”

मी वरून ओरडले, “अवो, आमाला सोडवा की!”

“आता सूनबाई. एकटी.”

सून उठेना. मी तिला काखेत धरून उभी केली. तिचे डोळे फिरत होते. “आत्या, मला न्हाय जमायचं,” एवढंच म्हणाली.

“मालक, ही एकटी येत न्हाय. हात सुटंल हिचा. मी हिच्या खाली ऱ्हाते, दोघी एकदम येतो.”

“शिडीवर एक माणूस.”

“मग ठिवू हिला हितंच?”

माझे सेहेचाळीस, तिचे गेल्या आठवड्यातले सत्तर. हिशेब मलाही येत होता, चौथीपर्यंत तेवढंच शिकवतात. एकशे सोळा. या माणसानं जन्मात कुणाला शंभरावर एक किलो चढू दिलं नव्हतं. पुढाऱ्याला नाही, मंडळाला नाही. ते शिडीकडं बघत होते, आमच्याकडं नाही. खाली कुठलीतरी काच फुटली.

“मालक! ते वरचं तीनशे कशाला ठिवलेत? लोणचं घालायला?”

त्यांनी वर बघितलं. तोंड काळं झालं होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, धुरानंच.

“या,” ते म्हणाले. “दोघी या. पण घाईचं एक किलोसुद्धा घालू नका.”

मी आधी पलीकडं गेले. सून माझ्या अंगावर आली. तिच्या दोन्ही बाजूंनी हात घालून मी शिडी धरली, माझं तोंड तिच्या कमरेत. तिचं पोट शिडीला लागू नये म्हणून ती मागं रेलत होती आणि तिचा सगळा भार माझ्या खांद्यावर येत होता. पहिल्याच पायरीला शिडी वाकली. खंडेनवमीला मी ती पोत्यांखाली वाकलेली बघितली होती. आपण वर असताना वाकणं वेगळं.

“एक पाय,” मालक खालून म्हणत होते. “थांबा. टेकला? दुसरा. थांबा.”

निम्म्यावर आलो तसा जिन्याच्या दारातून जाळाचा लोळ बाहेर आला. सून किंचाळली आणि भराभर पाय टाकू लागली. शिडी हलायला लागली, वर कठड्यावर खडखड वाजली. मी तिच्या मांडीला कडकडून चावले. दुसरं काही हाताशी नव्हतं, हात शिडीला होते. ती थांबली.

“अस्सं,” मालक म्हणाले. त्यांना वाटलं ती त्यांचं ऐकून थांबली. मी अजून त्यांना खरं सांगितलेलं नाही. “आता एक पाय.”

खाली आलो तेव्हा त्यांनी आमच्याकडं बघितलंच नाही. शिडी धरून वर कठड्याकडं बघत राहिले, अजून कुणी यायचंय का असे. अक्कानं सुनेला ओढत फाटकाबाहेर नेलं. मी मालकांचा हात शिडीवरून सोडवू लागले. सुटेना. एकेक बोट उचकटावं लागलं. मग ते खोकले आणि तिथंच फरशीवर कोसळले. अक्का माघारी आली आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना बाहेर काढलं. रिक्षात घातलं, सुनेला एका बाजूला, मालकांना दुसऱ्या, आणि दवाखान्यात नेलं. बंब आला तो गल्लीच्या तोंडाशी अडकला. तोवर टॉवेल जळून संपले होते आणि आग आपणच विझत आली होती.

आता गल्लीत सांगतात की मालक जळत्या घरात शिडीवर चढले आणि माझ्या सुनेला खांद्यावर घालून उतरवलं. साफ खोटं. ते चढले नाहीत. ते खाली उभे राहिले आणि वजन विचारलं. माझ्या देखत एकदा कुणीतरी त्यांना हार घालून हे भाषण केलं तेव्हा मालक मध्येच उठून म्हणाले, “खांद्यावर सत्तर किलो घेऊन? या वयात? शिडीचा तरी विचार करा.”

दवाखान्यातून आल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं असेल? दोन घोडे मांडले, दोरा ताणला आणि माझी पोती मागितली. पोती काढल्यावर शिडी परत आली नाही. दोन बोटं झोळ तसाच राहिला. मालकांनी दोऱ्याखाली बोटं घालून पुन्हा मोजलं.

“आमच्या दोघींनी मोडली व्हय?” मी विचारलं.

“तुमच्या वजनानं नाही,” ते जरा रागानंच म्हणाले. “आचेनं. वजन तिनं धरलं.” आणि करवत आणून त्यांनी तिचे तुकडे केले, दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून. दुसरी शिडी आणली नाही. गच्चीला जिना बांधला आणि घरातली सगळी वायर बदलली. जिना बांधताना गवंड्याला इतका छळला की तो दोनदा काम सोडून गेला.

पुढं ते आपल्या मुलाकडं पुण्याला गेले आणि तिथंच वारले, झोपेत. तिथं घर अकराव्या मजल्यावर होतं म्हणे आणि लिफ्टमध्ये माणसं मोजण्यावरून रोज भांडण.

त्या दिवशीच्या धुराचा त्यांना पुढं काही त्रास राहिला नव्हता. त्या आगीत कुणीच गेलं नाही. अक्का वाचली, सून वाचली, मी वाचले, मालक वाचले. सुनेला दिवस भरून मुलगी झाली, तीही वाचली.